जुन्या सागवानी टेबल-खुर्च्या घरच्यांनी मिळून पॉलिश करताना

गॅलरीत किंवा माळ्यावर पडलेलं जुनं सागवानी टेबल आणि त्याच्यासोबतच्या दोन खुर्च्या. पहिल्यांदाच हात घालणाऱ्या कुटुंबाला याहून चांगली वस्तू मिळणार नाही. सागवान चुका पोटात घालतं. कागद जास्त चालला, पॉलिश ओघळलं, रंग मनासारखा आला नाही, तरी पुन्हा घासून पहिल्यापासून सुरुवात करता येते. बाहेर दिलं तर बिलात मजुरीच सगळ्यात मोठी असते. ती आपण केली की सामानाचा खर्च साधारण हजार ते दीड हजारांत बसतो, टेबलाच्या पाटाला, म्हणजे वरच्या फळीला, पीयू (पॉलियुरेथेनचं टिकाऊ पॉलिश) लावायचं असेल तर त्याहून थोडा जास्त. वेळ मात्र लागतो. चार माणसांच्या घराने दोन शनिवार-रविवार मोकळे ठेवावेत. त्यातला बहुतेक वेळ पॉलिशची बाटली उघडायच्या आधीच जाणार आहे, आणि काम बिघडतं तेही बहुधा तिथेच.

हात लावण्याआधी वस्तू उलटी करून बघा

वरून सगळंच लाकूड दिसतं. टेबल उलटं करा आणि पॉलिश न लागलेला खालचा भाग बघा. भरीव लाकडात वरच्या रेषा कडेवरून वळून खाली चालू राहतात आणि टोकाला लाकडाची बारीक छिद्रं दिसतात. प्लायवूडच्या कडेला एकावर एक थर दिसतात. पार्टिकल बोर्डाच्या कडेला दाबलेला भुसा दिसतो. हा बोर्ड पाण्याने एकदा फुगला की पुन्हा बसत नाही. त्याच्यावर पैसे आणि रविवार खर्च करू नका.

मधली एक गोष्ट फसवी असते: प्लायवर चिकटवलेला सागवानाचा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हिनियर. तो बहुतेक वेळा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो. त्याच्यावर 80 नंबरचा पॉलिश पेपर (नंबर जितका लहान तितका कागद खरबरीत) चालवला तर दहा मिनिटांत खालचा प्लाय उघडा पडतो आणि त्यावर इलाज नाही. व्हिनियर असेल तर सुरुवातच 180 ने करा, तीही हलक्या हाताने.

मग किडीची तपासणी. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसली तर खाली काळा कागद पसरा आणि लाकडावर हातोडीच्या दांड्याने टकटक करा. फिकट, ताजी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. सागवानाचा गडद गाभा सहसा किडीला दाद देत नाही. तिला सापडतो तो कडेचा पांढुरका भाग, म्हणजे सालीकडचं लाकूड. हार्डवेअरच्या दुकानात लाकडाच्या किडीचं औषध मिळतं. ते सुई लावलेल्या सिरिंजने भोकाभोकांत सोडायचं, वस्तू प्लास्टिकमध्ये गुंडाळून काही दिवस ठेवायची आणि काळ्या कागदाची परीक्षा पुन्हा घ्यायची. हातमोजे आणि चष्मा घालून हे काम एकाच मोठ्या माणसाने करावं. मातीच्या नळ्या दिसल्या, म्हणजे वाळवी असेल, तर ती वस्तू घरात आणूच नका.

शेवटी जुनं पॉलिश कोणतं आहे ते ओळखा. खुर्चीच्या आतल्या बाजूला, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस मिनिटभर दाबून ठेवा. पृष्ठभाग चिकट झाला आणि कापसाला तपकिरी रंग लागला तर ते चपडीचं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं, पॉलिश आहे आणि तुमचं निम्मं काम सोपं झालं. काहीच झालं नाही तर एनसी थिनरने, म्हणजे लॅकर पातळ करायच्या द्रावाने, तेच करून बघा. त्याने हललं तर ते लॅकर आहे आणि थिनरनेच निघेल. थिनरनेही हललं नाही तर वर मेलामाइन (एक कडक रासायनिक पॉलिश), पीयू किंवा ऑइल पेंट आहे. ते घासून किंवा पेंट रिमूव्हरनेच निघेल.

ऑइल पेंटच्या बाबतीत एक कडक सूचना

भारतात घरगुती रंगांमधल्या शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90) जास्त असू नये, असा नियम 2016 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं किती होतं हे नुसतं बघून कळत नाही. आजोबांच्या वेळची हिरवी खुर्ची, जुना पाळणा, पांढरं रंगवलेलं स्टूल यांच्यावरचा रंग कोरडा घासायचा नाही. मुलांसाठी ती धूळ सगळ्यात वाईट. रंग घट्ट बसलेला असेल तर वॉटर पेपर (ओल्यानेच चालवायचा पॉलिश पेपर) पाण्यात भिजवून नुसता खरखरीत करा, कपड्याने पुसा आणि त्यावर नवा रंग द्या. सुटत असेल तर लहान मुलं आणि गरोदर बायका यांना घराच्या त्या भागातून बाहेर ठेवा, ओल्यानेच खरवडा, खाली पसरलेले कागद गुंडाळून फेका आणि फरशी झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा. पाळण्याला शंका असेल तर तो वापरायचाच नाही.

हंगाम आणि जागा

कोकणपट्टीत आणि मुंबईत हे काम दिवाळीनंतर ते मे अखेरपर्यंत करावं. पावसाळ्यात चपडीचं पॉलिश पांढुरकं पडतं. स्पिरिट उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि पॉलिशमध्ये अडकतं. विदर्भात आणि मराठवाड्यात उलटा त्रास: एप्रिल-मेच्या उन्हात स्पिरिट इतक्या वेगाने उडतं की ब्रश ओढतानाच अडकायला लागतो. तिथे सकाळी लवकर, सावलीत काम करा.

जागा गॅलरी किंवा खिडक्या उघड्या असलेली खोली. स्पिरिट आणि थिनर दोन्ही पेट घेतात. तेव्हा काम चालू असताना शेजारच्या स्वयंपाकघरातला गॅस बंद, आणि देवघरातली समई-उदबत्तीही. फ्लॅटमध्ये घासण्याचा आवाज शेजाऱ्यांना दुपारी नको असतो. सोसायटीच्या वेळा बघून घ्या.

काय आणायचं

साधारण चार फूट बाय अडीच फुटांचं टेबल आणि दोन खुर्च्या धरल्या तर पॉलिश पेपर असे: 80 नंबरचे 2, 120 चे 4, 180 चे 4, 220 चे 4 आणि 320 चे 2. एका कागदाचे चार तुकडे करायचे. चपडी 200 ग्रॅम. पॉलिशचं स्पिरिट 2 लिटर: सव्वा-दीड लिटर चपडी विरघळवायला, उरलेलं जुनं पॉलिश काढायला. टेबलाच्या पाटासाठी एकाच डब्यात येणारं, ब्रशने लावायचं पीयू अर्धा लिटर आणि त्या डब्यावर लिहिलेलं थिनर. फेव्हिकॉल 200 ग्रॅम. खड्डे भरायला खडूची पूड पाव किलो, गेरू आणि पिवडी (पिवळी माती) प्रत्येकी मूठभर. दोन इंची मऊ ब्रश 2, एन-95 मास्क माणशी एक, हातमोजे, सुती जुने कपडे भरपूर. मलमलचं जुनं धोतर घरात असेल तर ते जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

दुकानदार तयार पॉलिशची बाटली पुढे करेल. घाईत असाल तर घ्या, पण ती किती जुनी आहे हे कळत नाही आणि जुनं चपडी-पॉलिश धड वाळत नाही. चपडीचे दाणे विकत घेऊन घरी विरघळवणं स्वस्तही पडतं.

प्रमाण लक्षात ठेवा: एक लिटर स्पिरिटला 150 ग्रॅम चपडी. प्लास्टिकच्या झाकणाची काचेची बरणी घ्या. लोखंडी डब्यात चपडी काळवंडते. रात्री भिजत घाला, येता-जाता बरणी हलवा. दुसऱ्या दिवशी दुहेरी मलमलमधून गाळा. तळाशी गढूळ साका बसतो, ते चपडीतलं मेण. ते टाकून द्या. बरणीवर तारीख लिहा. सहा महिन्यांनंतर वापरायचं झालं तर आधी काचेवर एक थेंब टाकून बघा. तासाभराने तो बोटाला चिकटत असेल तर ओतून द्या.

आणि हे स्पिरिट विषारी असतं. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ते कधीही भरू नका, दहा मिनिटांपुरतंही नाही.

पहिला शनिवार: उकलणं आणि सांधे

मुलांना इथे खरं काम देता येतं. आधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो. मग प्रत्येक भागाला मास्किंग टेपचा तुकडा आणि त्यावर पेनाने खूण: डावा पुढचा पाय, उजवा मागचा, आडवी पट्टी वरची. सुटलेले स्क्रू त्या-त्या जागेच्या नावाच्या कागदी पाकिटात. हे कंटाळवाणं वाटतं, पण जुन्या सुताराने प्रत्येक खोबण हाताने कोरलेली असते आणि डाव्या पायाची पट्टी उजव्यात बसत नाही.

खुर्ची डुगडुगते ती सांधा सुटल्यामुळे. अशा खुर्चीवर पॉलिश चढवणं म्हणजे पैसे वाया. सांध्याजवळ पायावर छोटा गोल ठिपका दिसतो का बघा. तो बांबूचा खिळा. तो काढल्याशिवाय सांधा ओढला तर आतलं टोक फुटतं. पातळ लोखंडी सळीने मागून ठोकून तो बाहेर काढा, मग लाकडी ठोकळा मध्ये धरून हातोडीने सांधा हळूहळू उकला. जो सांधा घट्ट आहे त्याला हात लावू नका. चारपैकी एकच सुटला असेल तर एकच उकला.

आत तपकिरी, ठिसूळ थर असेल तो जुना सरस. त्यावर फेव्हिकॉल धरत नाही. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं दहा-पंधरा मिनिटं गुंडाळून ठेवा, सरस मऊ होतो, मग जुन्या सुरीने खरवडा. लाकूड पूर्ण वाळू द्या. सागवानात मुळातच तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी दोन्ही बाजू थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. टोक खोबणीत सैल बसत असेल तर त्याला सुती कापडाची फेव्हिकॉलमध्ये भिजवलेली पट्टी किंवा लाकडाचा पातळ छिलका लावून जाड करा. नुसतं जास्त फेव्हिकॉल ओतून फट भरत नाही.

क्लॅम्प विकत आणायची गरज नाही. खुर्चीच्या चारही पायांभोवती नायलॉनची दोरी दोन वेढे घ्या, गाठ मारा, दोन वेढ्यांच्या मधे लाटणं घाला आणि पीळ द्या. दोरी ताणली जाते तसे चारही सांधे आत दाबले जातात. कोपऱ्यांवर पुठ्ठ्याचे तुकडे ठेवा, नाहीतर दोरीचे वळ लाकडात उमटतात. पीळ दिल्यावर लाटणं आडव्या पट्टीला बांधून टाका. लगेच दोन मापं घ्या: पुढच्या डाव्या पायापासून मागच्या उजव्यापर्यंत, आणि दुसरा कर्ण. दोन्ही सारखी आली पाहिजेत. मग खुर्ची सपाट फरशीवर ठेवून चारही पाय टेकतात का बघा. फेव्हिकॉल ओला असेपर्यंतच हे सुधारता येतं. बाहेर आलेला फेव्हिकॉल ओल्या फडक्याने तिथल्या तिथे पुसा. तो राहिला तर त्या जागी पॉलिश शिरत नाही आणि फिकट डाग कायमचा राहतो. 24 तास दोरी सोडू नका. आजी लाटणं मागतील, दुसरं आधीच काढून द्या.

रविवार: जुनं पॉलिश काढणं

चपडी असेल तर एकाने स्पिरिटमध्ये भिजवलेलं फडकं फूट-दीड फुटाच्या भागावर मिनिटभर दाबून ठेवायचं, दुसऱ्याने लगेच कोरड्या, खरबरीत कापडाने पुसून घ्यायचं. जोडीने केलं तर निम्म्या वेळात होतं, कारण पुसायला उशीर झाला की विरघळलेलं पॉलिश पुन्हा तिथेच बसतं. कोरीव कामात जुना टूथब्रश चालवा. स्पिरिटचं हे काम मोठ्यांचं. दहा-बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना या खोलीत येऊ देऊ नका.

भांडी घासायची तारेची घासणी वापरायचा मोह होतो. तिचे बारीक तुकडे लाकडात अडकतात, पुढे ओलावा लागला की गंजतात आणि काळे ठिपके उमटतात. नायलॉनची हिरवी घासणी बरी.

घासणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. कागदाचा पाव तुकडा हाताच्या मुठीत मावेल अशा लाकडी ठोकळ्याला गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या जागी खोलगट पन्हळ पडते, आणि ती पॉलिश चढल्यावर उजेडात दिसते. घासायचं ते फक्त लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवा एक ओरखडा गेला तर तो 220 ने निघत नाही. पाय आणि आडवी पट्टी जिथे मिळतात तिथे दोन दिशा एकत्र येतात. त्या रेषेवर मास्किंग टेप लावा, एक बाजू संपवा, टेप दुसऱ्या बाजूला हलवा.

क्रम 120, 180, 220. खोल चरे किंवा शाईचे डाग असतील तेवढ्याच जागी 80. मधला नंबर गाळायचा नाही. 120 ने पडलेले चरे 180 च काढू शकतो. 220 त्यांच्यावरून नुसता फिरतो आणि लाकूड हाताला गुळगुळीत लागतं. म्हणून हाताचा भरवसा धरू नका. संध्याकाळी दिवे घालवून मोबाइलचा टॉर्च टेबलाच्या पातळीला, अगदी तिरपा धरा. उरलेला प्रत्येक चरा सावलीसकट दिसतो. मुलांना हे शोधायला लावा आणि खडूने खुणा करायला सांगा. त्यांची नजर मोठ्यांपेक्षा निर्दय असते. टेबलाच्या कडा ठोकळ्याने दोन हलके हात मारून सोडा. कडेला मुद्दाम घासाल तर ती गोल होईल आणि टेबलाची मूळ रेघ हरवेल.

सागवानाच्या धुळीने काहींच्या अंगाला खाज सुटते, नाक चोंदतं. मास्क सगळ्यांनी, पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि काम संपल्यावर लगेच अंघोळ. दमा असलेल्या माणसाला घासायला बसवू नका, खुर्चीच्या बैठकांचं काम द्या.

220 संपल्यावर पिळून काढलेल्या ओल्या फडक्याने सगळं लाकूड एकदा पुसा. वाळल्यावर हात फिरवला तर ते पुन्हा खरखरीत लागेल, दबलेले तंतू उभे राहिलेले असतात. वापरलेल्या 220 ने अगदी हलका हात फिरवून ते कापून टाका. ही पायरी गाळली तर तंतू पॉलिशच्या पहिल्या हातात, म्हणजे थरात, उभे राहतात आणि मग पॉलिशसकट घासावे लागतात.

खड्डे भरणं आणि रंग ठरवणं

लाकडाचा भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून भरायची पद्धत सगळीकडे सांगितली जाते. रंग देणार असाल तर ती ठीक. पॉलिशखाली ती जागा डोळ्यात भरते, कारण वाळलेला फेव्हिकॉल पॉलिश शोषत नाही. त्याऐवजी खडूच्या पुडीत चिमटीचिमटीने पिवडी आणि गेरू मिसळा, लाकडाला स्पिरिट लावल्यावर जो रंग दिसतो त्याच्या जवळ आणा, आणि चपडीच्या द्रावात घट्टसर मळा. पातीने भरा, किंचित वर उचलून ठेवा, कारण वाळल्यावर ते बसतं. तासा-दोन तासांनी 180 ने सपाट करा.

स्पिरिटच्या फडक्याने लाकूड पुसल्यावर दोन-तीन सेकंद जो रंग दिसतो, साधारण तोच शेवटी मिळणार आहे. तो आवडला तर वेगळा स्टेन लावू नका. जुन्या सागवानाला वरून रोझवूडचा लाल रंग फासणं ही दुकानदाराची हौस, लाकडाची गरज नाही. याच वेळी फेव्हिकॉलचे फिकट डागही दिसतात. ते आत्ताच खरवडा.

दुसरा शनिवार-रविवार: पॉलिश

टेबलाचा पाट आणि बाकीचा भाग यांचा हिशेब वेगळा ठेवा. चपडी दिसायला सगळ्यात सुंदर, दुरुस्तीला सगळ्यात सोपी, पण गरम भांडं, सांडलेलं पाणी आणि साबण यांना ती टिकत नाही. ज्या टेबलावर रोज ताटं मांडली जातात त्याला ती देऊ नका. पाय आणि खुर्च्यांना चपडी, पाटाला पीयू. आणि पाटावर पीयूच्या खाली चपडी नको: तिच्यातलं मेण गाळूनही थोडं उरतं आणि पीयू त्यावर नीट धरत नाही, पुढे पापुद्रे सुटतात.

चपडीचे पहिले दोन हात ब्रशने. ब्रश अर्धाच बुडवा, बरणीच्या कडेला निथळा आणि एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत एकच लांब हात मारा. राहिलेल्या जागेवर परत जाऊ नका. अर्ध्या मिनिटात ते घट्ट व्हायला लागतं आणि ब्रशच्या खुणा राहतात. राहिलं ते पुढच्या हातात भरून निघेल. कोरड्या हवेत दोन हातांमध्ये तासभर पुरतो. दुसरा हात पूर्ण वाळल्यावर 320 चा कागद हलका फिरवा. पांढरी भुकटी निघाली पाहिजे. कागदावर चिकट गोळ्या जमल्या तर अजून वाळलेलं नाही, थांबा.

पुढचे तीन-चार हात पुरचुंडीने. अंड्याएवढा कापसाचा गोळा चपडीच्या द्रावात भिजवा, हलका पिळा, मलमलमध्ये घट्ट बांधा, तळाला एकही चुणी नको. तळहातावर टेकवून बघा: ओल उमटली पाहिजे, थेंब नाही. तळाला बोटाने एक थेंब लिक्विड पॅराफिन लावा, औषधांच्या दुकानात मिळतं. त्याने पुरचुंडी अडकत नाही. काही जण अळशीचं तेल वापरतात. त्याने भिजलेली फडकी चुरगळून ठेवली तर आपोआप तापून पेटू शकतात, म्हणून घरात लहान मुलं असताना पॅराफिनच बरं. पुरचुंडी विमान उतरतं तशी हलत्या हातानेच लाकडावर टेकवायची आणि हलत्या हातानेच उचलायची. जागेवर थांबलात की तिथलं आधीचं पॉलिश विरघळून उचललं जातं. हे जमायला वेळ लागतो. टेबलाच्या पायांच्या आतल्या बाजूने सुरुवात करा, खुर्चीच्या पाठीपर्यंत येईस्तोवर हात बसतो.

पाटाचं पीयू: आधी थिनरच्या फडक्याने पुसा, सागवानाचं तेल पीयूच्या वाळण्यात अडथळा आणतं. पहिला हात दहा टक्के थिनर घालून पातळ, पुढचे दोन तसेच. डबा हलवायचा नाही, काडीने सावकाश ढवळायचा, नाहीतर हवेचे बुडबुडे पाटावर येतात. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण जाऊ द्या आणि 320 फिरवून धूळ पुसा. पाटाच्या खालच्या बाजूलाही एक हात द्या. एकच बाजू बंद राहिली तर दुसऱ्या बाजूने लाकूड ओलावा घेतं, सोडतं आणि पाट वाकतो. हे कोणी करत नाही आणि पहिल्या पावसाळ्यानंतर टेबलाला दोष देतात. हात मारण्याआधी तासभर पंखा बंद, जमीन ओल्या फडक्याने पुसलेली, घरात कोणी झाडू काढणार नाही असं सांगून ठेवलेलं.

बिघडलं तर

चपडी पांढुरकी पडली: कोरड्या दिवसाची वाट बघा, स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेली पुरचुंडी भरभर फिरवा. अडकलेलं पाणी निघून जातं.

ओघळ आले: ओले असताना हात लावू नका. दोन दिवस वाळू द्या, ठोकळ्यावर 320 गुंडाळून फक्त ओघळ कापा, वर एक हात.

पॉलिश दोन दिवसांनीही चिकट: द्राव जुना आहे. त्यावर नवा थर चढवून उपयोग नाही, स्पिरिटने सगळं पुसून ताजा द्राव करा.

पीयूला छोटे खळगे पडले, जणू रंग तिथून पळाला: खाली तेल, मेण किंवा फर्निचरचा चमकदार स्प्रे होता. घासा, थिनरने दोनदा पुसा, पुन्हा द्या.

खुर्चीच्या बैठका

पॉलिशच्या वासापासून लांब दुसऱ्या खोलीत हे काम आजी आणि मुलांनी एकाच वेळी करावं. बैठक बहुतेक खालून चार स्क्रूंनी बसवलेली असते. 16 इंची चौकोनी प्लायवर 40 डेन्सिटीचा दोन इंची फोम घ्या. 32 चा स्वस्त असतो पण रोजच्या बसण्याने लवकर दबतो. कापड लागतं प्रत्येकी 24 इंच चौकोन: 16 बैठकीचे, दोन-दोन फोमच्या जाडीचे, दोन-दोन खाली दुमडायचे. 54 इंच पन्ह्याच्या कापडात दोन चौकोन शेजारीशेजारी बसतात, म्हणून दोन खुर्च्यांना 70 सेंटिमीटर पुरतं, चार असतील तर सव्वा मीटर. पट्ट्यांचं किंवा मोठ्या फुलांचं कापड घेतलं तर रेषा जुळवायला जास्त लागेल.

9 मिलिमीटरच्या प्लायला 8 मिलिमीटरच्या पिना. याहून लांब पिन दुसरीकडून बाहेर येऊन टोचते. आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक पिन, मग मध्यापासून कोपऱ्यांकडे. एकाने कापड ताणून धरायचं, दुसऱ्याने पिन मारायची, आणि स्टेपल गन मोठ्याच माणसाच्या हातात. एका बाजूने सुरू करून ओळीने पिना मारत गेलं तर कापड तिरकं ओढलं जातं.

सोबत लोखंडी स्टूल असेल तर

तारेचा ब्रश, एमरी पेपर (लोखंड घासायचा कागद), थिनरने पुसणं, त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर. घासलेलं लोखंड एक दमट रात्र उघडं राहिलं की पुन्हा गंज धरतं. प्रायमर रात्रभर वाळला की इनॅमलचे दोन पातळ हात. एका स्टुलाला 200 मिलिलिटर भरपूर झालं.

वापर कधी सुरू करायचा

चपडीच्या खुर्च्यांवर दुसऱ्या दिवशी बसता येतं, पण आठवडाभर त्यांच्यावर काही टेकवून ठेवू नका, कापडाची वीण उमटते. पाटावर दोन-तीन दिवसांनी हलकी वस्तू ठेवायला हरकत नाही. गरम भांडं पंधरा दिवसांनी, तेही चकतीवर. उरलेलं पीयू लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, मोठ्या डब्यात वर हवा राहिली की साय धरते. चपडीच्या खुर्च्या दोन-तीन वर्षांनी मंद वाटल्या तर घासायची गरज नाही. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने तेलकटपणा पुसा, कोरडं करा आणि ताज्या द्रावाची पुरचुंडी एकदा फिरवा. नवा थर जुन्यात विरघळून एकच होतो.